ऐंशी माणसांसाठी एकवीस डबे

महाराष्ट्राच्या पर्यटन महामंडळाने रेल्वेच्या साथीने काढलेली ‘डेक्कन ओडिसी’ ही पर्यटकांची आलिशान गाडी एकवीस डब्यांची आहे. सगळ्या खोल्या भरल्या, तरी तिच्यातून प्रवास करतात ऐंशी-नव्वद माणसं. बाकीच्या डब्यांत उपाहारगृहं, बार, मसाजची सोय, बैठकीचं दालन. आपल्या साध्या गाडीच्या एका जनरल डब्यात कागदोपत्रीच नव्वद जणांची बसायची सोय असते. सणासुदीला त्यात किती कोंबले जातात, ते मोजायला आत शिरायलाही जागा नसते. जेवढी माणसं एका जनरल डब्यात बसवायची, तेवढ्यांसाठी अख्खी गाडी रुळावर उतरवायची, हा हिशेब मला मान्य नाही. आणि तो जनतेच्या रेल्वेने, जनतेच्या महामंडळाने मांडावा, याची मला चीड आहे.

राजस्थानने 1982 मध्ये ‘पॅलेस ऑन व्हील्स’ ही अशीच गाडी काढली. 2004 मध्ये महाराष्ट्राने तोच कित्ता गिरवला. राजेरजवाड्यांची संस्थानं भारतात विलीन करून घेणाऱ्या देशाला पर्यटकांपुढे ठेवायला पुन्हा राजवाडाच सापडला. इथे घाम गाळून किल्ले, लेणी, बंदरं उभी करणाऱ्यांचा त्या कल्पनेत मागमूस नाही. पाहुण्यांच्या स्वागताला तुतारी, फेटे आणि आरतीचं तबक घेऊन उभं राहणं, एवढीच जागा इथल्या माणसाला उरली.

कोरोनात ‘डेक्कन ओडिसी’ बंद पडली. 2023 च्या सप्टेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून ती समारंभाने पुन्हा सुटली. कोरोनात आणखी एक गाडी बंद झाली होती, दादर-रत्नागिरी पॅसेंजर. ती सुरू झाली, पण दादरला आली नाही. तिला अलीकडे दिवा स्टेशनावरच अडवलं. तिच्यासाठी ना फलाट सापडला, ना वेळापत्रकात जागा. आलिशान गाडीने पॅसेंजरची जागा बळकावली, असं मी म्हणत नाही. ती आठवडाभराच्या फेऱ्या करणारी गाडी आहे. पण एकीला पुन्हा उभं करण्यासाठी सरकार झटलं आणि दुसरीसाठी कोकणातल्या लोकांना निवेदनं देत फिरावं लागलं, हे तर सगळ्यांनी पाहिलं.

दिव्याहून गाडी पकडणं म्हणजे काय, ते एकदा मंत्र्यांनी पाहावं. परळ-लालबागची म्हातारी बाई आधी लोकलमध्ये चढते. एका हातात नातवाचं बोट, दुसऱ्या हातात बोचकं. दिव्याला कामावर निघालेल्यांचा लोंढा समोरून अंगावर येतो. त्यातून वाट काढत ती जिना चढते, पूल ओलांडते, पुन्हा उतरते. गाडीत जागा मिळालीच नाही, तर संडासाच्या दाराशी वर्तमानपत्र अंथरून बसते. दार उघडलं की पाय आखडून घेते, बंद झालं की पुन्हा सोडते. नातू मांडीवर झोपलेला. तिनेही तिकीट काढलेलं असतं.

आणि ही गाडी ज्यावरून धावते, तो कोकण रेल्वेचा मार्ग कोणाच्या जमिनीवरून जातो? कोकणाने शेतं, बागा, घरांच्या जागा दिल्या. राजापूरचे खासदार मधु दंडवते यांनी या रेल्वेचा ध्यास घेतला, 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, त्यात महाराष्ट्राने 22 टक्के भांडवल घातलं, आणि 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्गावर गाडी धावली. एवढी वर्षं उलटली, तरी रोहा ते वीर या टप्प्यापुढे बहुतेक मार्ग एकेरीच आहे. क्रॉसिंगला पॅसेंजर बाजूला उभी राहते, वेगाच्या आणि मानाच्या गाड्या निघून जातात. गणपतीची आरक्षणं उघडली की काही मिनिटांत संपतात, चाकरमान्यांच्या हाती वेटिंग लिस्ट येते.

‘डेक्कन ओडिसी’वर बोट ठेवलं की ठरलेलं उत्तर येतं: परकीय चलन येतं, पर्यटन वाढतं, स्थानिकांना रोजगार मिळतो. कोणत्या स्थानिकांना? हा पाहुणा झोपतो गाडीत, त्याची बहुतेक जेवणंही गाडीत. वातानुकूलित बसमधून वेरूळ-अजिंठा पाहतो आणि मुक्कामाला गाडीतच परततो. लेण्यांजवळच्या लॉजवाल्याला, खानावळवाल्याला, तारकर्लीत घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देणाऱ्या कुटुंबाला त्यातून काय मिळतं? पाठीवर पिशवी टाकून एसटीने आलेला विद्यार्थी त्यांच्या गावात जास्त पैसे सोडून जातो, कारण तो तिथेच राहतो आणि तिथेच जेवतो. पावसाळ्यात, कोकण सर्वांत देखणं असताना, ही गाडी फिरतही नाही.

श्रीमंतांनी ऐषआरामात फिरू नये, असं माझं म्हणणं नाही. त्यांनी स्वतःच्या पैशाने खुशाल फिरावं. पण डबे, रूळ, फलाट आणि सरकारी नाव जनतेचं असेल, तर हिशेबही जनतेपुढे यायला हवा. गाडीवर आजवर किती खर्च झाला, किती परत आला, दर फेरीला किती जागा रिकाम्या गेल्या, हे पर्यटन महामंडळाने दरवर्षी ठळकपणे छापावं. तोटा असेल, तर तो करदात्याच्या माथी मारू नये. चालवणाऱ्या कंपनीने सोसावा, नाहीतर गाडी बंद करावी.

आणि वाचकहो, निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला पर्यटनाच्या घोषणा ऐकवू देऊ नका. त्याला एकच विचारा, दादर-रत्नागिरी पॅसेंजर पुन्हा दादरहून कधी सोडणार? तारीख सांगत नसेल, तर त्याला दारातून परत पाठवा.