सहा महिन्यांची आजी

नोकरीसाठी परदेशी गेलेल्या कुटुंबाचे बरेवाईट पगारावर कमी आणि घर कोण चालवते यावर अधिक अवलंबून असते. छत्तीसगडमधल्या भिलाई या पोलादनगरीने याचे दोन नमुने जवळून पाहिले आहेत. एक इथे येऊन राहिलेल्या परदेशी कुटुंबांचा, दुसरा इथून गेलेल्यांचा.

पहिला रशियनांचा. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईत पोलाद कारखाना उभारण्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन केले, आणि वर्षाला दहा लाख टन पोलाद काढणारा हा कारखाना उभारण्यासाठी आलेले तज्ज्ञ अनेकदा बायकामुलांसह इथे राहिले. दोन देशांच्या मैत्रीचे स्मारक म्हणून १९७२ साली मैत्रीबाग हे उद्यान झाले.

सेक्टर ७ मधल्या ‘रशियन कॉम्प्लेक्स’ या त्यांच्या वसाहतीत कुटुंबाला स्वतः फार काही उभे करावे लागत नसे. क्वार्टर, दवाखाना, क्लब, मुलांची शाळा, कामावर दुभाषा, सगळ्याची सोय सरकार किंवा प्लांट पाहत असे. मे महिन्यातल्या उन्हाची सोय मात्र कोणत्याच सरकारकडे नव्हती. पगाराचा काही भाग मायदेशी साठे आणि तो खास दुकानांत वापरता येणाऱ्या चेकांच्या रूपाने मिळे. त्यातून मोटार घ्यायची, सहकारी संस्थेत फ्लॅट घ्यायचा, हा अनेकांचा हिशेब असे. मराठी माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. आखातात ओव्हरटाइम करून नागपुरात फ्लॅट घेणारे निम्म्या आळ्यांत सापडतात. बाजारात रशियन बायकांची हिंदी रखडली, तेव्हा भिलाईचे दुकानदारच मोडकीतोडकी रशियन शिकले. गिऱ्हाईक अडले की व्यापाऱ्याला कोणताही व्याकरणाचा वर्ग लागत नाही.

दुसरा नमुना मराठी घरांतला. १९५६ पर्यंत भिलाईचा दुर्ग जिल्हा आणि नागपूर एकाच राज्यात होते, राजधानीही नागपूरच होती. त्यामुळे विदर्भातल्या मंडळींना प्लांटमधली नोकरी परमुलखातली वाटली नाही. ती प्लांटच्या सेक्टरांत स्थिरावली आणि निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून जवळच्या उतई, रिसालीकडे घर बांधून राहू लागली. त्यांची मुले शिकली, संगणकाच्या कामात शिरली आणि अमेरिकेत पोचली. तिथे प्लांट नाही आणि कॉम्प्लेक्सही नाही. नवऱ्याला एच-१बी व्हिसा मिळाला की बायको एच-४ वर जाते. या व्हिसावर नोकरी करायला मे २०१५ पर्यंत परवानगीच नव्हती. त्यानंतर मिळाली तीही ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोचलेल्यांच्या जोडीदारांनाच. पदवी घेतलेल्या अनेक मुलींची ऐन उमेदीची वर्षे अशा प्रतीक्षेत गेली.

खरा पेच बाळंतपणाला येतो. भारतात २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यात आहे. अमेरिकेच्या १९९३ च्या संघीय कायद्यात १२ आठवडे मिळतात, तेही बिनपगारी आणि अटी पूर्ण केल्या तरच. काही कंपन्या आणि काही राज्ये याहून उदार आहेत, पण सगळ्यांचे नशीब तिथे नसते. पाळणाघराचा खर्च अनेक शहरांत घरभाड्याची बरोबरी करतो. मग उतईला फोन येतो.

इथून पुढचे सगळे ठरलेले असते. छत्तीसगड मुंबईच्या अमेरिकन वकिलातीकडे येत असल्याने व्हिसाच्या मुलाखतीसाठी दुर्गहून गाडी धरून मुंबई गाठायची. मुलाखत काही मिनिटांत उरकते, पण तिची उजळणी घरात महिनाभर चाललेली असते. मग डिंक, सुंठ, हळीव, झबली आणि वजनकाटा. २३ किलोच्या बॅगेत २४ किलो बसवण्याचे कसब प्रत्येक घरात एखाद्याच माणसाला येते, आणि विमानतळावर ती बॅग उघडावी लागली की तोच माणूस नेमका दिसेनासा होतो.

आधी मुलीची आई जाते, नंतर मुलाची. प्लांटमधल्या पाळ्यांसारखी एक आजी सुटली की दुसरी हजर. व्याहीव्याही एकमेकांना विमानतळावरच भेटतात, हा आता विनोद राहिलेला नाही. आजीला निदान काम असते, दिवस जातो. आजोबांची अवस्था कठीण. सेक्टरात स्कूटरवर सिव्हिक सेंटर गाठणारा आणि उतईच्या चौकात चहाला तासभर बसणारा माणूस तिथे मोटार चालवत नाही, म्हणून दाराबाहेर पडत नाही. पुष्कळ उपनगरांत पदपथ नाहीत, बस नाही, कट्टा तर नाहीच. ‘‘बाबा, फिरून या ना,’’ असे मुलगा रोज सांगतो. कुठे, ते सांगत नाही. परतल्यावर मात्र हेच आजोबा चौकात तिथल्या रस्त्यांचे इतके गुणगान करतात की ऐकणाऱ्याला वाटावे, सहा महिने रस्त्यावरच होते.

औषधांचा प्रश्न वेगळा. प्लांटमधून निवृत्त झालेल्यांना सेक्टर ९ च्या रुग्णालयाची सवय असते. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी विमा पाहायचा असतो, ही कल्पना त्यांना नवी. पाहुण्यांसाठीच्या विम्यात मधुमेह, रक्तदाब असे जुने दुखणे बरेचदा धरले जात नाही किंवा अटी घालून धरले जाते. मुले तिकिटाचा दर चार संकेतस्थळांवर ताडून पाहतात आणि विमा आदल्या रात्री काढतात. हा क्रम उलटा हवा.

रशियन कुटुंबाची जबाबदारी दोन सरकारांनी उचलली होती. मराठी कुटुंबाची जबाबदारी साठी ओलांडलेल्या दोन बायका उचलतात आणि कुठल्याही कागदावर त्यांची नोंद पाहुण्या म्हणून होते.

निघणाऱ्यांसाठी एक सूचना. पासपोर्टवरचा व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला राहण्याची मुदत साधारण सहा महिनेच मिळते, आणि ती व्हिसावर छापलेली नसते. उतरल्यावर आय-९४ या प्रवेश-नोंदीत मुदतीची तारीख पाहावी आणि परतीचे तिकीट त्या तारखेच्या आतले ठेवावे.