व्हरांड्यात सांगितलेले निदान

गेल्या वर्षीच्या श्रावणातील गोष्ट. इंदूरच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, काचेच्या दाराबाहेरील व्हरांड्यात, आई आणि मी उभे होतो. दाराच्या आत माझे वडील खाटेवर पडून होते. डॉक्टर चालत आले आणि थांबले न थांबले तोच बोलले. काचेकडे तोंड करून, हातातील कागद उलटीत, ते म्हणाले, "दोनों किडनी गईं. अब मशीन पर जितने दिन निकलें." एवढे बोलून ते पुढच्या खोलीकडे वळले. आईला हिंदी उत्तम समजते. बऱ्हाणपुरात ती कोणाला समजत नाही? तरीही तिने माझ्याकडे पाहून विचारले, "काय म्हणाले रे?" ऐकलेल्या वाक्याचा दुसरा काही अर्थ निघत असावा, एवढ्याच आशेचा तो प्रश्न होता.

मी म्हणालो, "अजून तपासण्या व्हायच्या आहेत."

काच मध्ये होती. अप्पांना काही ऐकू गेले नसेल अशी आमची समजूत. परंतु अप्पांचे सारे आयुष्य यंत्रमागांवर गेले आहे. मागांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचा शब्द कानी पडत नाही. तेथे काम करणारी माणसे एकमेकांच्या ओठांकडे पाहून बोलणे ओळखतात. आपल्या गावातील ज्या मुलांच्या घरी माग आहेत त्यांना हे सांगावयास नको. अप्पांनी डॉक्टरांचे ओठ वाचले आणि नंतर माझेही वाचले. हे आम्हांला तीन आठवड्यांनी समजले. खरे काय ते जाणणारी तीन माणसे तीन आठवडे एकाच घरात एकमेकांशी खोटे बोलत राहिली.

निदान खरे होते, हे आधीच सांगून टाकतो. अप्पांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. गोळ्या संपल्या की महिना महिना आणल्या जात नसत. पायांवर सूज आली, तेव्हा दिवसभर उभे राहिल्याने ती आली असे आम्ही धरून चाललो. मूत्रपिंडे निकामी होण्यामागे मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब ही कारणे सर्वांत अधिक आढळतात, हे घरात कोणासच ठाऊक नव्हते. रक्तातील क्रिएटिनीन एकच्या आसपास असावयास हवे, ते अकरावर गेले होते. तेव्हा दोषाचा हिशेब मांडला तर मोठा वाटा आमच्याच घराचा निघेल. डॉक्टरांनी उपचारात कसूर केली असेही मी म्हणणार नाही. रात्री दोन वाजता त्यांनीच अप्पांना मशीनवर घेऊन त्यांचा जीव वाचविला. माझी तक्रार त्या दोन वाक्यांपुरती आहे. त्यांत आमच्या दुःखाची दखल नव्हती, हे मी सोडून देतो. परंतु उद्या सकाळी उठून आम्ही काय करावयाचे, हेही त्यांत नव्हते.

डायलिसिस म्हणजे काय, हे मला त्या वेळी माहीत नव्हते. रक्त शरीराबाहेर घेऊन यंत्रातून गाळतात व परत आत सोडतात, एका वेळी सुमारे चार तास लागतात, आठवड्यातून दोन-तीन वेळा हे करावे लागते, ही माहिती मी रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसून मोबाईलवर वाचली. तिच्यासोबत वाचू नये असेही पुष्कळ वाचले. पहाटेपर्यंत अप्पांचे उरलेले आयुष्य मी मनातल्या मनात पाच वेळा मोजले आणि पाचही वेळा उत्तर निराळे आले. दहावीत गणितात इतक्या चुका मी कधी केल्या नव्हत्या.

दहा दिवसांनी आम्ही घरी आलो. आजाऱ्याला भेटावयास रिकाम्या हाताने जाऊ नये ही आपली रीत, आणि आपला मुलूख केळीचा. रावेरचे मामा आले ते बागेतील केळ्यांच्या फण्या घेऊन. शेजाऱ्यांनी शहाळी आणली. अप्पांना अशक्तपणा फार आला होता. केळे खावयास सोपे, म्हणून आई सकाळ-संध्याकाळ आग्रह करून त्यांना ते खाऊ घाली. आठवड्यातून दोन डायलिसिस चालू होती, तरी मधल्या तीन दिवसांत त्या केळ्यांनी आपले काम केले. एका पहाटे अप्पांचे हातपाय गळून गेले आणि छातीचे ठोके वेडेवाकडे पडू लागले. रक्तातील पोटॅशियम भलतेच वाढले होते. निरोगी मूत्रपिंडे ते लघवीवाटे बाहेर टाकतात. ती बंद पडली की ते रक्तात साठते आणि फार वाढल्यास हृदय थांबू शकते. केळ्यात व शहाळ्याच्या पाण्यात ते भरपूर असते. पहिल्या रुग्णालयाने दिलेल्या कागदांच्या चौथ्या पानावर याविषयी इंग्रजीत एक ओळ होती, असे मागाहून दिसले. आईने ती ओळ पाहिलेली नव्हती, आणि पाहिली असती तरी तिला वाचता आली नसती. मी ती वाचू शकलो असतो. पण मी ते पान उलटलेच नाही. ज्या माणसाचे 'जितने दिन निकलें' तितकेच उरले आहेत, त्याने काय खावे, हा प्रश्नच मला सुचला नाही.

त्या पहाटे अप्पांना आम्ही ज्या दुसऱ्या रुग्णालयात नेले, तेथील डॉक्टर एक तरुण बाई होत्या. ठोके ताळ्यावर आल्यानंतर त्या खाटेपाशी स्टूल ओढून बसल्या. त्यांचे पहिले वाक्य एक प्रश्न होता. "तुम्हांला आतापर्यंत काय काय सांगितले आहे?" असे त्यांनी आईला विचारले, आणि आई तीन आठवड्यांत प्रथमच रडली. मग त्यांनी अप्पांना विचारले, "तुमच्या आजाराविषयी तुम्हांला किती जाणून घ्यायचे आहे?"

अप्पा म्हणाले, "सगळे. ओठ वाचून वाचून दमलो मी."

त्या बाईंनी सगळे सांगितले. मूत्रपिंडे पुन्हा काम करू लागणार नाहीत, हे सांगितले. नियमाने डायलिसिस घेणारी माणसे वर्षानुवर्षे घरात वावरतात, हेही सांगितले. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविता येते का, त्यासाठी काय पाहावे लागते, हे सांगितले. केळी बंद, शहाळी बंद, पाणी मोजून. "किती दिवस?" असे अप्पांनी विचारले, तेव्हा "हे मला ठाऊक नाही, आणि कोणी छातीठोक सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका" असे त्या म्हणाल्या. भिंतीवर घड्याळ होते. या सर्वास अकरा मिनिटे लागली.

डॉक्टरांना वेळ नसतो, असे आपण नेहमी ऐकतो, आणि ते खोटे नाही. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील सकाळची रांग ज्याने पाहिली आहे, तो हे नाकारणार नाही. पण मग त्या अकरा मिनिटांचाही हिशेब करावा. ती वाचविल्यामुळे पुढे एक रुग्णवाहिका, एक तातडीचे डायलिसिस, रुग्णालयाची दोन दिवसांची खाट आणि कितीतरी माणसांची रात्र खर्ची पडली. आणि अशुभ वार्ता बसून सांगण्यास उभ्याने सांगण्यापेक्षा फारसा अधिक वेळ लागतो, हेही मला पटत नाही. त्या पहिल्या डॉक्टरांनी निदान दार उघडून आत येऊन, अप्पांच्या समोर ते बोलावयास हवे होते. काचेच्या अलीकडे उभे राहून जे बोलले गेले, ते ज्याच्याविषयी होते त्याला वगळून बोलले गेले.

या बाबतीत शास्त्र काही सांगत नाही असे नाही. चरकसंहितेत उपचाराचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या अंगी शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी प्रेम आणि शुचिता असावी अशी तेथे अपेक्षा आहे. आमच्या घरी हा पाद म्हणजे आई. दक्षता, प्रेम, शुचिता यांत तिने काही उणे पडू दिले नाही. पण शुश्रूषेचे ज्ञान तिला कोणी द्यावयाचे? चारांतील एक पाय जाणूनबुजून आखूड ठेवावा आणि खाट डुगडुगते म्हणून नवल करावे, असा हा प्रकार झाला.

त्याच ग्रंथाच्या विमानस्थानात असाही उपदेश आहे की, रुग्णाचे आयुष्य सरत आले आहे हे वैद्यास कळले तरी, ते सांगितल्याने रुग्णाला वा इतरांना धक्का बसेल तेथे त्याने ते बोलू नये. आमच्या नात्यातील वडीलधारी मंडळी याच विचाराची होती. "अप्पाला काही कळता कामा नये," असे काकांनी सर्वांना बजावले होते, आणि त्यांचा हेतू वाईट होता असे कोण म्हणेल? तथापि मला वाटते, हा उपदेश ज्या काळातला आहे त्या काळी अशी वार्ता कळून रुग्णाच्या हाती करण्यासारखे फारसे उरत नसे. आज अप्पांच्या आजारात पाण्याचा प्रत्येक पेला त्यांचा त्यांनाच मोजावयाचा आहे. ज्याला मोजावयाचे, त्यालाच कारण सांगावयाचे नाही, हे कसे चालावे? काकांशी या मुद्द्यावर माझे अजूनही जमलेले नाही.

भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली डॉक्टरांच्या आचाराचे नियम केले. रुग्णाच्या स्थितीचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, आणि रुग्णाच्या व कुटुंबाच्या हिताला आवश्यक तेवढी माहिती त्यांना मिळाली आहे याची डॉक्टरांनी खात्री करून घ्यावी, असे त्यांत म्हटले आहे. रुग्णाने वा त्याच्या अधिकृत व्यक्तीने मागितल्यास उपचारांची कागदपत्रे ७२ तासांच्या आत द्यावीत, असाही नियम त्यांत आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली. तीत माहितीचा हक्क आहे. २०१९ पासून तर एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात वर्तन, नीती व संवाद यांचे शिक्षण वेगळे नेमलेले आहे. आमच्या वर्गातील तिघे-चौघे 'नीट'च्या तयारीत गढून गेले आहेत. जीवशास्त्राची प्रश्नपेढी त्यांना पाठ आहे; वाईट बातमी माणसाला कशी सांगावी याचाही एक धडा पुढे आहे, हे त्यांनी ऐकून ठेवावे.

मात्र सगळा भार डॉक्टरांवर टाकून मी मोकळा होऊ शकत नाही. "अजून तपासण्या व्हायच्या आहेत," हे वाक्य माझे होते. आई आणि डॉक्टर यांच्यामध्ये मी दुभाषी होतो, आणि काय उलगडावे व काय गिळावे हे मीच ठरवीत होतो. सोळाव्या वर्षी असा अधिकार कोणाच्या हाती असू नये. पण आपल्याकडील किती घरांत शाळेत जाणारा मुलगा वा मुलगीच आई-वडिलांचे कागद वाचून दाखविते! हे सुचले तेव्हा मला एकाएकी जहानआरेची आठवण झाली.

आपल्या गावाला येणारे प्रवासी ताप्तीपलीकडे जैनाबादेत जातात, मुमताज महलला प्रथम जेथे दफन केले होते ती जागा पाहतात आणि शहाजहानच्या शोकाविषयी बोलतात. १६३१ सालच्या जूनमध्ये मुमताज बऱ्हाणपुरास आपल्या चौदाव्या बाळंतपणात वारली. वर्षाच्या अखेरीस तिचा देह आग्र्यास नेण्यात आला. हा इतिहास आपणांस शाळेत तोंडपाठ असतो. तिची थोरली मुलगी जहानआरा त्या वेळी सतरा वर्षांची होती, म्हणजे माझ्याहून जेमतेम वर्षाने मोठी. आईने तिच्याकरवीच बादशहाला बोलावणे धाडले, असे दरबारी इतिहासातून सांगितले जाते. राजवाड्यातही तो निरोप न्यावयास अखेर मुलच पुढे झाले. तिने तो कोणत्या शब्दांत सांगितला, आईच्या खाटेपासून बापाच्या दालनापर्यंत जाताना तिच्या मनात काय होते, हे तिला कोणी विचारले असेल असे वाटत नाही. मी शाही किल्ल्यात लहानपणापासून कितीदा गेलो असेन. पण गेल्या हिवाळ्यात तिच्यासाठी म्हणून पहिल्यांदा गेलो.

आता आमच्या घरी एक दोनशेपानी वही आहे. तिच्या डाव्या पानावर आम्ही प्रश्न लिहितो आणि उजव्या पानावर मिळालेले उत्तर, मराठीत. डॉक्टरांशी बोलावयाचे ते एकानेच, म्हणजे दहा नातेवाईक दहा वेळा तोच प्रश्न विचारीत नाहीत. "पुन्हा एकदा सांगता का?" हे वाक्य आई आता न संकोचता उच्चारते. पहिल्या पानावर तिने माझ्याकडून मोठ्या अक्षरांत लिहवून घेतले आहे: केळी नाही.

जिल्हा रुग्णालयांतून डायलिसिसची सोय व्हावी म्हणून केंद्र सरकारने २०१६ साली एक कार्यक्रम सुरू केला. अप्पांना आता त्यासाठी इंदूरचे सुमारे १८० किलोमीटर तुडवावे लागत नाहीत; आठवड्यातून दोनदा गावातच काम होते. परवा डायलिसिस संपता संपता तेथील तंत्रज्ञाने मला खुणेने दाराबाहेर बोलाविले. अप्पांनी मोकळा हात वर करून त्याला थांबविले आणि आपल्या खाटेकडे बोट दाखविले. तो क्षणभर घोटाळला, मग आत आला आणि स्टूल ओढून त्यांच्या समोर बसला.