दिवा दिसतो, वायर दिसत नाही

गेले काही दिवस हा विषय डोक्यात घोळतोय. लिहिलं तर गावाकडची निम्मी पोरं बोलणं सोडतील आणि पुण्यातली भावंडं टाळ्या वाजवतील. पण पुणेकरांनी एवढ्यात टाळ्या वाजवू नयेत, त्यांचाही नंबर लगेच येणार आहे :-)

विषय आहे जीपला वरून बसवलेले दिवे. देवणी, वलांडी, उदगीर या पट्ट्यात अंधार पडल्यावर रस्त्याच्या कडेला जरा उभं राहा. थार जाते, बोलेरो जाते, एखादी जुनी मेजर जाते. बंपरवर दोन फोकस, टपावर एलईडीचा बार, डॅशबोर्डवर चार जादा बटणं. गाडी देखणी दिसते, मान्य. दिव्यांवर माझा राग नाही. दिव्यापासून बॅटरीपर्यंत गेलेल्या वायरवर आणि मधल्या बटणावर आहे.

आधी शहरातल्या नातेवाईकांसाठी. "एवढे दिवे कशाला लागतात? माज आहे नुसता!" हे वाक्य प्रत्येक लग्नकार्यात कोणीतरी म्हणतंच. आता ऐका. शेतीपंपाची वीज आमच्याकडं वर्षानुवर्षं पाळीनं आली, कधी दिवसा तर कधी रात्री. सौरपंप आले, पण सगळ्यांच्या विहिरीवर नाहीत. ज्याची पाळी रात्रीची, तो रात्री दोनला मोटार चालू करायला आणि दारं धरायला जातो. काळ्या रानातली वाट पावसाळ्यात अशी होते की फोर बाय फोर नसेल तर गाडी तिथंच राहते. वाटेत रानडुक्कर, पायाखाली साप, वळणावर बिनकठड्याची विहीर. कंपनीचा हेडलाइट सरळ पुढं पाहतो, विहीर असते बाजूला. ट्रॅक्टरला मागं नांगरणीचा दिवा असतो, त्याला कोणी माज म्हणत नाही. जीपवरचा जादा दिवा रानात तेच काम करतो. तेव्हा "सगळे दिवे उपटून फेका" म्हणणाऱ्यांनी आधी एकदा रात्री पाणी धरून दाखवावं.

आता भाचे-पुतण्यांनो, तुमच्याकडं वळतो.

दिवा घेताना तुम्ही दहा दुकानं फिरता. वॅट विचारता, कंपनी विचारता, लातूरला मिळाला नाही तर हैदराबादहून मागवता. आणि वायर? मिस्त्रीकडं जी पडलेली असेल ती. दिव्याची तारीफ करायला चारचौघं येतात. बॉनेटखाली वाकून "वा, काय वायरिंग आहे" असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. म्हणून सगळा पैसा दिव्यात जातो आणि वायरिंग चहापाण्यात उरकतं.

थोडं गणित करू, पाचवीतलंच आहे. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट. घरात २३० व्होल्टवर त्यांना अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी करंट लागतो. गाडीत बॅटरी १२ व्होल्टची, म्हणून त्याच ११० वॅटना ९ अँपिअरच्या वर लागतो. म्हणजे साधारण १९ पट. आणि वायर तापते ती करंटच्या वर्गानं. त्याच जाडीच्या, त्याच लांबीच्या वायरमध्ये साडेतीनशे पटीहून जास्त उष्णता! "बारा व्होल्टनं काय होतंय, शॉकसुद्धा बसत नाही" असं म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. शॉक बसत नाही हे खरं. आग लागायला शॉक बसावा लागत नाही.

घराला प्लग पॉइंट काढताना तुम्ही अडीच एमएमची वायर मागून घेता. इथं ९ अँपिअरला दोऱ्यासारखी वायर चालते? आणि कोणी घरातली एका जाड तारेची वायरही वापरतात. गाडी हादरते, एकसंध तार वाकून वाकून तुटते. गाडीला बारीक अनेक तारांची वायरच लागते.

दुसरी गोष्ट जोडणीची. हेडलाइटच्या वायरचं प्लॅस्टिक सोलायचं, नव्या दिव्याची वायर तिथंच पिळायची, वरून काळी टेप. याला आपल्याकडं नाव आहे. खांबावरच्या तारेवर टाकतात तोच आकडा! महावितरणच्या तारेवर आकडा टाकला की डीपी जळतो आणि सगळी आळी अंधारात बसते. गाडीतही तसंच. कंपनीनं ती वायर आणि ते बटण ६० वॅटच्या दोन बल्बांच्या हिशोबानं दिलेलं, म्हणजे १० अँपिअर. त्यावर ११० वॅटचा आकडा टाकलात की करंट जवळपास दुप्पट. बल्ब काढून १०० वॅटचे घातलेत तरी १६-१७ अँपिअर. बटण गरम होतं, होल्डर वितळतो, आणि ऐन रानात जुना दिवाही जातो, नवाही जातो.

यावर औषध जुनं आणि स्वस्त आहे, रिले. बॅटरीपासून जाड वायर रिलेला, रिलेपासून दिव्याला. डॅशबोर्डवरचं बटण फक्त रिलेला "चालू हो" एवढं सांगतं, त्याच्यातून नावापुरता करंट जातो. मोटारीच्या स्टार्टरमध्ये हेच तर असतं! हिरवं बटण बोटानं दाबता, पाच एचपीचा करंट त्या बटणातून जातो का? स्टार्टरशिवाय मोटार चालवणाऱ्याला तुम्ही वेडा म्हणाल. मग गाडीला रिले नको म्हणणाऱ्याला काय म्हणायचं?

आणि फ्यूज. "दिवा भारी कंपनीचा आहे, फ्यूजची गरज नाही" हे मी स्वतः ऐकलंय. अरे, हा फ्यूज दिव्यासाठी नसतोच, तो वायरसाठी असतो. बॅटरी स्टार्टरला शे-दोनशे अँपिअर सहज देते. बंपरच्या पत्र्यावर घासून वायर सोलली आणि बॉडीला टेकली, की तेवढाच करंट त्या वायरमधून धावतो. ती हीटरच्या कॉइलसारखी लाल होते, आणि शेजारून डिझेलची नळी गेलेली असते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच हवा. दिव्याजवळ लावलेला फ्यूज मधल्या सगळ्या वायरला वाऱ्यावर सोडतो. ९ अँपिअरच्या जोडीला १५ चा फ्यूज पुरे. तो वारंवार उडत असेल तर कुठं सोललंय ते शोधा. डीपीत फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणारे महाभाग आपण पाहिलेत, गाडीत तेच करू नका.

"पण आमचा एलईडी आहे, करंट कमी लागतो." लागतो ना कमी. पण वायर शॉर्ट झाली की मधे दिवा येतच नाही, बॅटरी आणि वायर समोरासमोर! एलईडी असो की हॅलोजन, आग सारखीच.

आता बटण. वायरिंग चुकलं तर तुमची गाडी जळेल, बटण चुकलं तर दुसऱ्याचा जीव जाईल. म्हणून या बाबतीत मी जास्त कडू बोलणार आहे.

रानासाठी घेतलेला दिवा डांबरी रस्त्यावर का चालू असतो? उसाच्या हंगामात रात्री उदगीर रस्त्यावर बैलगाड्या असतात, मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात, सायकलवर म्हातारे असतात. टपावरचा बार तोंडावर आला की समोरच्याला दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही, वय झालेल्या डोळ्यांना त्याहून जास्त वेळ. ताशी ६० च्या वेगानं तीन सेकंदांत गाडी ५० मीटर जाते. म्हणजे ५० मीटर आंधळा माणूस गाडी चालवतोय. आपल्या देवणी जातीत बालंक्या बैल पांढराशुभ्र असतो, पण दिपलेल्या डोळ्याला तोही दिसत नाही. मग शेवरा, वानेरा तर सोडाच.

"समोरचा पण डिपर देत नाही" हे उत्तर मला सांगू नका. समोरचा आंधळा आहे म्हणून आपण त्याला अजून आंधळा करायचा, यात कसली मर्दुमकी?

नियम तर आहेच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतो की दिव्यापुढं ८ मीटरवर, उजवीकडं अर्ध्या मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे तो दिपता कामा नये. पुढं फोकस किंवा सर्चलाइट लावायचा तर अपवाद म्हणून, नोंदणी कार्यालयाची आधी परवानगी घेऊन. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय केलेल्या दर बदलामागं ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण माझा अनुभव असा की नियम सांगितला की पोरं हसतात. म्हणून नियम बाजूला ठेवून वायरच बोलू दे.

रिलेला चालू करणारी वायर अप्परच्या लाइनवरून घ्या. डिपर दिला की जादा दिवे आपोआप बंद. ऑस्ट्रेलियात एवढी मोकळी जमीन, रस्त्यावर रात्री कांगारू आडवे येतात, तरी तिथं जादा ड्रायव्हिंग लाइट असेच जोडावे लागतात. आणि जो दिवा फक्त रानाचा आहे तो गाडीवर कायमचा कशाला? फ्यूज घातलेलं एक सॉकेट काढा, दिवा रानात गेल्यावर लावा, डांबरीवर येताना काढून सीटखाली ठेवा. कायद्याचा प्रश्नही तिथंच मिटतो. दिवा मिरवायला घेतला असेल तरच ही सूचना जाचक वाटेल.

मिस्त्रीला दोष देऊन सुटू नका. तुम्ही वायरिंगचे पैसे देत नाही म्हणून तो वायरिंग करत नाही. पुढच्या वेळी गेलात की वॅट नंतर विचारा, आधी तीन प्रश्न विचारा: फ्यूज कुठं लावणार, वायर किती एमएमची, आणि डिपर दिल्यावर हे बंद होणार का? उत्तर "त्याची गरज नाही" असं आलं, तर दिवा खोक्यात घाला आणि दुसरा मिस्त्री गाठा.

असो. बरंच लांबलं. पटलं नसेल त्यानं भांडायला घरी यावं, चहा माझ्याकडं. फक्त रात्री येणार असाल तर फाट्यापासून डिपरवर या!