खिडकी नसलेली खोली

दिवाळीचा फराळ संपत आला आणि मुलांचे सहामाहीचे निकाल लागले की घरोघरी एकच प्रश्न निघतो, 'नाताळात कुठे जायचं?' पूर्वी याचं उत्तर ठरलेलं असे. महाबळेश्वर, नाहीतर कुणाचं तरी गाव. आता त्यात बोटीच्या सहलीची भर पडली आहे. मोठ्या जहाजावर चढायचं, चार रात्री तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं आणि समुद्र बघत बसायचं. आमच्या ओळखीतल्या दोघीतिघींनी मला विचारलं, "तुम्ही जाऊन आलात ना? मग आम्ही जावं का हो?" आता याला 'हो' किंवा 'नको' असं एका शब्दात उत्तर देता येईना. म्हणून म्हटलं, या वेळी सगळं सविस्तरच लिहावं. सुख किती, दुःख किती, आणि आमचं काय चुकलं तेही.

आम्ही गेलो २०२३ च्या डिसेंबरात. हे, मी, सोळा वर्षांची लेक, दहा वर्षांचा धाकटा आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. मुंबईहून संध्याकाळी निघायचं, दुसरा दिवस समुद्रात, तिसऱ्या दिवशी लक्षद्वीप, चौथा दिवस पुन्हा समुद्रात आणि पाचव्या दिवशी सकाळी परत मुंबई, असा बेत होता.

खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त हौस सासूबाईंना. त्यांचं आजोळ वेंगुर्ल्याचं. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत गिरगावातून बोचकी बांधून त्या आगबोटीने आजोळी जायच्या. ती कोकणची बोट बंद पडूनही आता कितीतरी वर्षं झाली. पण आमच्या घरी बोटीचा विषय निघाला आणि त्यांचा चेहरा असा खुलला, की जणू परकरातली मुलगीच!

तिकिटं काढायला बसलो तेव्हा कळलं की जहाजावरच्या खोल्यांचेही प्रकार असतात. बाहेरच्या अंगाला खिडकी असलेली खोली, सज्जा असलेली खोली आणि जहाजाच्या पोटातली, अजिबात खिडकी नसलेली खोली. ही शेवटची सगळ्यांत स्वस्त. पाच माणसांना दोन खोल्या हव्या होत्या. एक खिडकीची घेतली, ती आम्हा दोघांना आणि धाकट्याला. दुसरी बिनखिडकीची, सासूबाई आणि लेक यांना. ह्यांनी विचारलंसुद्धा, "आईला चालेल ना?" मी म्हटलं, "न चालायला काय झालं? खोली काय, रात्री पाठ टेकायलाच तर लागते!" सासूबाई शेजारच्याच खोलीत वाती वळत बसल्या होत्या. त्यांना विचारायचं मात्र आम्हा दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते माझ्या अंगाशी येणार आहे.

निघायच्या दिवशी धक्क्यावर विमानतळासारखी तपासणी झाली. तिथे सासूबाईंची काडेपेटी, उदबत्त्या आणि निरांजन काढून ठेवलं. पावती देऊन, 'परतताना मिळेल' म्हणून सांगितलं. त्या हिरमुसल्या. पण विचार केला तर नियम बरोबरच आहे. भर समुद्रात आगीइतकी भीती दुसरी कशाची नाही. घरचे लाडूही चालले नाहीत, बंद पाकिटातला आलेपाक तेवढा सुटला.

जहाज सुटण्याआधी सगळ्यांना एकत्र बोलावून संकटात कुठे जमायचं आणि प्राणरक्षक जाकीट कसं घालायचं ते दाखवलं. बरीच मंडळी मोबाइलवर फोटो काढण्यात दंग होती. सासूबाई मात्र एकेक बंद नीट बघून घेत होत्या. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसं गेली. सासूबाईंच्या जन्माच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट, पण त्यांच्या घरी ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली होती. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे भलंमोठं सहलीचं जहाज खडकावर आदळलं, तेव्हा नव्याने चढलेल्या कित्येक प्रवाशांना ही माहिती दिलेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्यासुटल्याच ही कवायत घ्यावी लागते. तेव्हा तुम्ही गेलात तर ती अर्धा तास मन लावून बघा. फोटो नंतरही निघतात.

जहाज सुटलं. कुलाब्याचं टोक मागे पडलं, प्रोंग्सचा दिवा दिसला आणि डावीकडे लांबवर खांदेरी. सासूबाईंनी ते नातवाला बोट करून दाखवलं. तो त्यांच्या कुशीत शिरून बघत होता. मला वाटलं, चला, पैसे वसूल झाले!

रात्रीचं जेवण काय वर्णावं? शाकाहारी वेगळं, जैन वेगळं, गोडाचेच आठ प्रकार. मी कुठे उठले नाही, वाढलं नाही, की झाकलं नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण 'उद्या डब्याला काय?' हा प्रश्न मनात न आणता झोपले ती ही पहिलीच रात्र.

आणि पहाटे तीनला दारावर थाप पडली. लेक रडकुंडीला आलेली. "आई, आजी खोलीत नाहीये."

मैत्रिणींनो, बारा मजली जहाज, चहूकडे काळं पाणी, आणि घरातलं म्हातारं माणूस नाहीसं झालेलं. माझ्या हातापायातलं बळच गेलं. हे एका जिन्याने धावले, मी दुसऱ्या. शेवटी उघड्या डेकवर एका बाकावर त्या दिसल्या. अंगाभोवती शाल, आणि शेजारी जहाजावरचा एक कामकरी मुलगा उभा. गोव्याकडचा होता. त्या त्याला विचारत होत्या, "तो दिवा मालवणचा का रे?" आणि तो समजावत होता, "नाही आजी, मालवण तिकडे खूप लांब राहिलं. हे मच्छीमारांच्या बोटींचे दिवे."

मी आधी रागावलेच. "आई, असं न सांगता कुणी येतं का?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "अगं, जाग आली तर काही दिसेचना. डोळे उघडले तरी मिटल्यासारखेच. रात्र आहे की दिवस, काही कळेना. पोर झोपली होती, तिला कशाला उठवायचं? क्षणभर वाटलं, मी आहे तरी की नाही."

मग थोडं थांबून म्हणाल्या, "मला विचारलं असतंस तर माझ्या व्याजातले पैसे घालून खिडकी घेतली असती गं मी. समुद्र बघायलाच तर आले होते."

यावर काय बोलणार? मी त्यांना हाताला धरून आमच्या खोलीत आणलं, खिडकीशी निजवलं आणि माझी उशी घेऊन लेकीच्या खोलीत गेले. दिवा मालवल्यावर मला कळलं त्या काय म्हणत होत्या ते. आपल्या घरात रात्री रस्त्यावरच्या दिव्याची तिरीप येते, देवघरातला छोटा दिवा असतो. इथे मिट्ट काळोख. बाथरूमच्या दाराला वीतभर उंबरठा, त्याला मीही ठेचकाळले. त्यांचा पाय अडकला असता तर? पाठ टेकायलाच तर खोली लागते, असं म्हणणारी मी, पहाटेपर्यंत टक्क जागी होते.

दुसऱ्या दिवशी जहाज जरा डोलू लागलं. ह्यांना आणि धाकट्याला बोट लागली. जहाजाच्या दोन्ही अंगांना पाण्याखाली पंखासारखी पाती असतात, त्यांनी डोलणं कमी होतं, पण अजिबात थांबत नाही. गोळी घेतली ती उलटी झाल्यावर, मग ती पोटात टिकणार कशी? शेवटी सासूबाईंचा आलेपाक आणि 'लांब आकाश टेकतं तिथे बघ' हा त्यांचा जुना उपाय कामी आला.

पैशांचंही सांगते. जाहिरातीतला आकडा वेगळा आणि शेवटचा वेगळा. कर, बंदराचे आकार, नोकरांची बक्षिशी, बेटावरची सहल, थंड पेयं असं करत करत तिकिटाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा आणखी लागला. कुणी फसवलं असं म्हणणार नाही. कागदावर सगळं होतं, बारीक अक्षरात. आम्ही वाचलं नाही, एवढंच.

आणि तिसऱ्या दिवशी, ज्यासाठी गेलो ते लक्षद्वीप समोर दिसत असताना, कप्तानाने जाहीर केलं की वारा आणि लाटा जास्त आहेत, उतरता येणार नाही. तिथली बेटं पोवळ्याच्या खडकांनी वेढलेली. मोठं जहाज आत जात नाही, ते बाहेर उभं राहतं आणि माणसं छोट्या होड्यांतून नेतात. लाटांत जहाजातून होडीत पाऊल टाकणं म्हणजे जिवाशी खेळ. पण लोक ऐकतात थोडेच! आरडाओरडा झाला. हेही तावातावाने भांडायला निघाले. बेटावरच्या सहलीचे पैसे परत मिळाले, तिकिटाचे नाहीत. तेही बारीक अक्षरात होतं! धाकटा पोहायची चड्डी घालून रडत बसला.

तेव्हा सासूबाई त्याला म्हणाल्या, "अरे, वेंगुर्ल्याला पण बोट लांब उभी राहायची. होडीवाले शिडीला होडी लावायचे आणि खलाशी आम्हा पोरांना पोत्यासारखं उचलून खाली द्यायचे. समुद्र खवळला की होडीच यायची नाही. मग गाव समोर दिसतंय आणि बोट आपली पुढे चालली!" आणि त्या खळखळून हसल्या. ते दोन तास आम्ही चौघंही त्यांच्याभोवती बसलो होतो. बोटीतली दाटी, ट्रंकांवर बसून खाल्लेले दडपे पोहे, पहाटे दिसणारं बंदर. लेकीचा मोबाइल खोलीतच राहिला होता आणि तिला त्याची आठवणही झाली नाही. घरी परतल्यावर मुलांना विचारलं, सगळ्यांत काय आवडलं? दोघांनीही तेच दोन तास सांगितले.

तर मैत्रिणींनो, जावं का? हौस असेल आणि खर्च झेपत असेल तर जरूर जा. पण आमच्या चुका तुम्ही करू नका.

पैसे भरण्याआधी 'सगळं धरून एकूण किती?' हा आकडा लेखी मागा, आणि बंदरात उतरता आलं नाही तर काय परत मिळेल तेही विचारा. बोट लागत असेल तर जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावरची खोली मागा, तिथे डोलणं कमी. गोळी निघण्यापूर्वी घ्यायची. मात्र वडीलधाऱ्यांना आणि मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. रोजची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठ्या बॅगा खोलीत यायला कितीतरी तास लागतात. जेवायच्या आधी मुलांचे हात साबणाने धुवायला लावा. शेकडो माणसं एकाच वाढपाच्या चमच्यांना हात लावतात, आणि जहाजावर उलट्या-जुलाबाची साथ पसरवणाऱ्या नोरो विषाणूला बाटलीतलं सॅनिटायझर पुरत नाही. किनारा सोडला की मोबाइल विमानाच्या खुणेवर टाका, नाहीतर जहाजावरच्या जाळ्याचं बिल घरी आल्यावर दिसेल. बिनखिडकीची खोली घेतलीच, तर बॅटरीवरचा छोटा दिवा बरोबर न्या, किंवा बाथरूमचा दिवा लावून दार किलकिलं ठेवा.

आणि शेवटचं, जे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. बेत ठरवताना घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला शेजारी बसवा आणि विचारा, 'तुम्हाला काय बघायचंय?' आपण त्यांना नेतो, त्यांच्या औषधांची काळजी घेतो, सगळं करतो. विचारायचं तेवढं राहून जातं.

सासूबाईंचं निरांजन पावती दाखवून परत मिळालं. आता यंदा मे महिन्यात आम्ही वेंगुर्ल्याला जाणार आहोत. एसटीने. खिडकीजवळची जागा कुणाची, हे आधीच ठरलं आहे.