देवाशी आपलं स्वतःचं बोलणं



मधल्या सुट्टीत वर्गात एक मोठा वाद झाला. "देव सगळ्यांचं ऐकतो, मग माझं एकट्याचं कसं ऐकेल?" असं एकानं विचारलं. दुसरी म्हणाली, "आई रोज माझ्यासाठी प्रार्थना करते, मग मी कशाला करू?" दोन्ही प्रश्न मला फार आवडले. आमच्या पालघर-बोईसरच्या शाळांमध्ये एकाच बाकावर वेगवेगळ्या धर्मांची मुलं बसतात. कुणाच्या घरी देव्हारा, कुणाकडे क्रूस, तर कुणाकडे कणसरी. म्हणून आज एका घराची खरी गोष्ट सांगते. उत्तर तुम्हीच शोधा.

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव तुम्ही कवितांमुळे ऐकलं असेल. त्यांचा जन्म १८६१ सालचा, कोकणातला. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीनं निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. कवितेवर गप्पा रंगल्या आणि निघताना त्यांनी टिळकांना 'नवा करार' भेट दिला. 'नवा करार' म्हणजे बायबलचा दुसरा भाग. येशू ख्रिस्ताचं चरित्र आणि शिकवण त्यात आहे. 

टिळक वाचू लागले. मत्तय नावाच्या पुस्तकात पाचव्या ते सातव्या अध्यायात येशूचं डोंगरावरचं प्रवचन आहे. तिथे ते थबकलेच. येशू तिथे सांगतो, की देवाला बाप म्हणून हाक मारा. प्रार्थना चारचौघांना दाखवायला करू नका. खोलीत जा, दार लावा आणि त्या बापाशी बोला. शत्रूवरसुद्धा प्रेम करा. हा देव दूर सिंहासनावर बसून हिशेब मांडणारा नाही, तो आपल्याला नावानिशी ओळखतो, असं टिळकांना वाटलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणजे पाण्याच्या विधीनं ते ख्रिस्ती झाले.

पण मुलांनो, हे सोपं नव्हतं हं. त्या काळी धर्म बदलणं म्हणजे घरादाराला मुकणं. पत्नी लक्ष्मीबाई आणि छोटा दत्तू नातेवाइकांकडे राहिले. काही वर्षं नवरा-बायकोची ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंनी किती अश्रू ढाळले असतील!

पुढे त्या टिळकांकडे परत आल्या, पण आपला धर्म सांभाळूनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी "तूही ख्रिस्ती हो" अशी बळजबरी केली नाही. मग एकदा लक्ष्मीबाई स्वतःच विचार करू लागल्या. देवानं माणसामाणसांत खरंच उच्चनीच केलं असेल का? मन म्हणालं, नाही. आणि त्यांनी सोवळंओवळं सोडून दिलं, कुणाच्याही हातचं खाऊ लागल्या. पुढे १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या मनानं. शाळेत न गेलेल्या या बाईंनी पुढे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहिलं. १९३४ पासून त्याचे भाग प्रसिद्ध झाले. मोठे झालात की नक्की वाचा. हसता हसता डोळे भरून येतात.

आता सांगा, टिळकांची श्रद्धा लक्ष्मीबाईंना उसनी घेता आली असती का? कंपासपेटी उसनी मिळते, श्रद्धा नाही. ख्रिस्ती लोक म्हणतात ते हेच. आईबाबा चर्चला नेतील, प्रार्थना शिकवतील, पण देवाशी नातं प्रत्येकानं आपापलं जोडायचं असतं.

आणि नातं जोडताना भाषा बदलावी लागत नाही. टिळकांनी येशूवर अभंग लिहिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. आपल्याच जिल्ह्यातल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सोप्या मराठीत 'सुबोध बायबल' लिहिलं. २०२० साली उस्मानाबादला ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ साली ते गेले. देवाला आपली रोजची मराठी कळते, मग वारली, वाडवळी, मांगेली का नाही कळणार?

"पण बाई, आमच्या चाळीत एकच खोली, दार कुठलं लावू?" अरे, डोळे मिटले की झालं दार बंद! रात्री अंथरुणावर पाच मिनिटं पुरेत. आज काय छान मिळालं ते सांगा. कुणाला दुखावलं असेल तर तेही सांगा. भीती कशाची वाटते, तेही सांगा. मग थोडा वेळ गप्प बसा. सारखं आपणच बोललो तर मैत्री कशी होणार? आणि ज्याला दुखावलं, त्याच्याशी सकाळी आपणहून बोला. येशूच्या शिकवणीत हे फार महत्त्वाचं आहे. आधी भावाशी समेट, मग देवापुढे अर्पण.

पालकांनो, तुम्हालाही एक विनंती. मुलांना प्रार्थना जरूर शिकवा, पण ती पाठ झाली का हे विचारताना "आज देवाशी काय बोललास?" असंही विचारा. आणि मूल "सांगणार नाही" म्हणालं, तर रागावू नका. नातं जडलं असेल त्याचं!

तुमच्या बाई