बॅटरी बदलून दिली म्हणजे झाले?



आपल्या एका सभासदाच्या तीनचाकी इलेक्ट्रिक टेम्पोची बॅटरी तिसऱ्यांदा बंद पडली. जेटीवर मासळी भरली आणि गाडी वाटेतच उभी! कंपनीवाले म्हणतात, "वॉरंटीत बदलून देतो ना." देतात खरे, पण वितळलेल्या बर्फाचे आणि बुडालेल्या दिवसाचे काय?

माझे मत स्पष्ट आहे. कारण न शोधता बॅटरी बदलत राहणे ही सेवा नव्हे. दोष बॅटरीत, बीएमएसमध्ये, चार्जरमध्ये की वायरिंगमध्ये, ते लेखी मागा. दर वेळी जॉबकार्ड घ्या, त्यावर गाडी आत-बाहेर झाल्याची तारीख हवी. बदललेल्या बॅटरीची वॉरंटी कधीपर्यंत, तेही लिहून घ्या. क्रेटमधले खारे पाणी कनेक्टरवर गळू देऊ नका, नाहीतर "पाणी गेले" म्हणून हात वर करतील.

तरीही दाद नाही मिळाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणाराही ग्राहकच आहे. जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत मात्र २ वर्षांची. म्हणून कागद जपा आणि गप्प बसू नका.