वनातील चूल आणि श्रावकाचा विवेक

कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मुलांकडे उन्हाळ्यात जाणारी आपली काही कुटुंबे योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात तंबूत मुक्काम करतात. सोबत खाकरे, ठेपले, डाळ-तांदूळ असतात. आणि कुणाच्या तरी मनात निखाऱ्यांवर बाटी भाजण्याचा बेतही असतो. त्या बेताआधी उद्यानाचे अग्निविषयक नियम समजून घेणे इष्ट.

योसेमिटीच्या मुख्य खोऱ्यात १ मे ते ३० सप्टेंबर या काळात लाकडाचा विस्तव सायंकाळी पाच ते रात्री दहा एवढ्याच वेळेत, तोही नेमून दिलेल्या लोखंडी कड्यात पेटवता येतो. म्हणजे नवकारशीनंतरचा नाश्ता किंवा व्रतधारकांचे उकळलेले पाणी लाकडावर होणे नाही. गॅसच्या छोट्या शेगडीला मात्र ही वेळेची मर्यादा नाही. जूनमध्ये तेथे सूर्य आठनंतर मावळतो, त्यामुळे चौविहार पाळणाऱ्यांना शेगडीवर सावकाश स्वयंपाक करूनही दिवसाउजेडी जेवता येते.

खोऱ्यात पडलेली काटकी वेचण्यासही मनाई आहे, आणि ९,६०० फुटांच्या वर लाकडाचा विस्तवच वर्ज्य. इतक्या उंचीवर झाड अतिशय मंद वाढते. वाळून पडलेला ओंडका किड्यामुंग्यांचे घर असतो आणि कुजून मातीला कस देतो. दूरच्या गावाहून सरपण आणू नये, असेही उद्यान सांगते, कारण लाकडात दडलेली कीड नव्या अरण्यात पसरते. तेजस्काय आणि वनस्पतिकाय जीवांचा विचार लहानपणापासून ऐकलेल्या श्रावकाला यात परके काय वाटावे? अंगारकर्म, वनकर्म आणि दवदान हे व्यवसाय आपल्या शास्त्राने पंधरा कर्मादानांत गणले आहेत. व्यापारी समाजाने एवढे तरी स्मरणात ठेवायला हवे.

भगवती सूत्रात कालोदायीने विचारलेला प्रश्न येथे आठवतो: अग्नी पेटवणारा आणि विझवणारा, यांपैकी अधिक कर्म कोणाला? उत्तर पेटवणाऱ्याच्या बाजूने जड आहे. तेव्हा विझवण्यातही हिंसा आहे, असे म्हणून निखारे धगधगत सोडून झोपी जाणे हा धर्माचा विपर्यासच. विस्तव केलाच, तर भरपूर पाणी ओतून, राख ढवळून, हाताला गार लागेपर्यंत तो सोडू नये. मुळात न पेटवलेल्या विस्तवाला विझवण्याचे पाणीही लागत नाही.

शेगडी निवडताना ती बंद करण्याची कळ आहे ना, हे पाहावे. वणव्याच्या भीतीने निर्बंध कडक होतात तेव्हा कळ नसलेल्या स्पिरिटच्या वा काटक्यांच्या शेगड्या अनेक ठिकाणी चालत नाहीत. गॅसची डबी विमानातून नेता येत नाही, हातातल्या पिशवीतही नाही आणि मोठ्या बॅगेतही नाही. ती तेथेच विकत घ्यावी. पाऊस आला म्हणून तंबूत शेगडी पेटवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. अशा वेळी खाकरा आणि ठेपला पुरे. बाटी घरी परतल्यावर होईलच.